शंभर मीटरांचं सोवळं

पुण्यात शनिवारवाड्याला खेटून घर असण्याचं भाग्य शत्रूलाच लाभो! 1958चा स्मारक कायदा, त्याला 2010ची दुरुस्ती: स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित, पुढचे दोनशे नियंत्रित. घराचं कुंपण कुजलं, तर आधी अर्ज. तो सक्षम अधिकाऱ्याकडे, तिथून दिल्लीच्या प्राधिकरणाकडे, मग परत. तोवर कुंपण आडवं होतं आणि भटकी कुत्री आत येतात. त्यांना परवानगी लागत नाही. प्रतिबंधित पट्ट्यात बेकायदा बांधकाम केलंत, तर दोन वर्षांपर्यंत कैद. खुद्द वाडा 1828च्या आगीत जळाला. आगीने मात्र ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. वारसा जपाच, पण कुंपणाच्या चार खांबांचा निकाल गावातच लावा, दिल्लीला त्रास नको.