वेळ बघायची गाडी

मालगुजारी 1951 साली गेली. मालगुजाराचा नातू अजून आहे. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात तो हमखास भेटतो. वाडा अर्धा पडलेला, आणि गोठ्यात धानाच्या पोत्यांना खेटून आजोबांची शेवरोले. इंजिन कधीचं मुकं, ब्रेक नावाला, मागचं दार सुतळीने बांधलेलं. पण नातवाची झोप उडाली ती डॅशबोर्डावरच्या बंद घड्याळामुळे.

रोल्स-रॉइसची 1958 सालची जाहिरात त्याला पाठ आहे. ताशी साठ मैलांच्या वेगातही त्या गाडीत मोठ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा! हे तो चहा येण्याआधीच ऐकवतो. निदान तेवढ्या बाबतीत तरी आपण मागे राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

मग हातघड्याळं दुरुस्त करणारे काका येतात. डोळ्याला भिंग लावून झाकण उघडतात. आत इवलीशी स्प्रिंग. ती मिनिटा-दोन मिनिटांत उतरली की दोन टोकं एकमेकांना टेकतात, वीज वाहते, चुंबक दांडीला फटका देतो आणि स्प्रिंग पुन्हा भरते. टोकं काळीठिक्कर पडलेली. काका त्यांच्यामधून पॉलिश पेपरची पट्टी ओढतात, सुईच्या अग्राने तेल सोडतात. मालक बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा येरझारा घालतात.

"बॅटरी कितीची लावता जी?"

"बाराची."

"गाडी सहाची हाय नं जी!"

शेवरोलेने बारा व्होल्ट घेतले ते 1955 पासून, ही त्याआधीची. कॉइल जळाली नाही, ही पूर्वजांची पुण्याई. जुन्या बुलेटची सहा व्होल्टची बॅटरी शोधून आणली जाते. टक्! पोरंसोरं जमतात. मालक सगळ्यांना गप्प करतात आणि पुढच्या टक्‌साठी कान लावतात.

जाता जाता काका बजावतात, "बॅटरी उतरू देऊ नका जी." ती अशक्त झाली की दांडी उडत नाही, टोकं चिकटून राहतात आणि कॉइल जळते. गाडी चालत नाही म्हणजे बॅटरी भरत नाही. म्हणून मालक रात्री वायर काढतात, सकाळी जोडून काटे पुढे सरकवतात. आता त्या काळच्या कित्येक अमेरिकन घड्याळांना एक खोड होती. काटे पुढे ढकलले की आपण मागे पडतोय असं समजून ती आपली चाल वाढवायची. हे घड्याळ त्याच कुळातलं. रोज सकाळी बोलणी खाऊन ते रोज थोडं जास्त धावतं.

2021 च्या नियमांनी मालकांना आणखी बळ दिलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला वीस हजार भरून 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो, मात्र ती रोजच्या वापराला काढायची नाही. "सरकारच नको म्हणते, मग इंजिन कायले खोलाचं?"

काका पुन्हा येतात तेव्हा घड्याळ मोबाइलच्या बरंच पुढे असतं. ते भिंग काढून पिशवीकडे हात नेतात. "लय पुढे पळते जी. चाल कमी करून देऊ का?"

"राहू द्या," मालक म्हणतात, "गाडीतलं काहीतरी पळून राह्यलं नं!"