हवेशीर जागी ठेवावे

लॅपटॉपसोबत आलेल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय की हे यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात, हवेशीर जागी वापरावं. मी नागपूरला राहतो. इथे मार्च सरता सरता हे वाक्य रजेवर जातं आणि पाऊस पडल्यावर कामावर रुजू होतं. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश बघितलेत. माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा, म्हणजे ऐन सीझनमध्ये मी जे काही करतो तो पुस्तिकेच्या लेखी यंत्राचा गैरवापर. लग्नं डिसेंबरातच उरकावीत, अशी तिची अपेक्षा दिसते. वधूपक्षाशी ती परस्पर बोलली तर माझी हरकत नाही.

तक्रार तशी किरकोळ आहे. एक्स्पोर्ट लावला की थोड्या वेळाने पंखा किंचाळायला लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी बोटाला चटका देते आणि चित्र थांबतं. अंतरपाट अर्धवट खाली, नवरीचा हार हवेत, भटजींचं तोंड उघडं. आवाज मात्र थांबत नाही. तो ‘शुभमंगल सा-सा-सा-सा’वर अडकतो आणि पॉवरचं बटण दाबून धरेपर्यंत शेजाऱ्यांना सावध करत राहतो. कधी नुसताच स्क्रीन काळा होऊन परत येतो आणि कोपऱ्यात निरोप झळकतो, की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरलाय. विंडोजचा नियमच आहे, ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर तिला रिसेट करायचं. इतक्या चांगल्या नियमाची अंमलबजावणी एका चिपपुरतीच का, हे कळत नाही. बाकीच्या खिडक्यांवर आपण निमूट उभे असतोच.

दुकानात नेला की पहिलं औषध ठरलेलं. “भाऊ, फॉरमॅट मारून देतो, मक्खन चालते.” फॉरमॅट मारल्याने माझे फोटो गेले, फॉन्ट गेले, उष्णता होती तिथेच राहिली. ताप आलेल्या माणसाच्या काखेत आधी थर्मामीटर ठेवतात, हा शोध लॅपटॉपच्या दुनियेत अजून पोचायचाय. फुकटातलं एखादं सॉफ्टवेअर कोपऱ्यात चिपचं तापमान दाखवत बसतं. आकडा नव्वदीकडे गेला की दर वेळी हँग होत असेल तर दोष उष्णतेचा. गार असतानाही होत असेल तर ड्रायव्हर, रॅम वगैरे मंडळींची चौकशी करावी. एवढं बघायला अभियंता लागत नाही. म्हणूनच बहुधा कोणी बघत नाही.

आत काय चालतं तेही ऐकण्यासारखं आहे. चिपवर तांब्याची चपटी नळी असते, तिच्या पोटात थेंबभर पाणी. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती पंख्यापाशी जाऊन थंड पत्र्यांच्या जाळीत उष्णता सोडते आणि पुन्हा पाणी होऊन परतते. व्यवस्था सुरेख आहे. पण माझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांना मिळून ही एकच वाट दिलीय, जुन्या वाड्यातल्या सामाईक न्हाणीघरासारखी. एक जण आत असला की दुसऱ्याने ताटकळायचं. एक्स्पोर्टच्या वेळी दोघांनाही घाई असते. मर्यादा गाठली की चिप आधी आपला वेग कमी करते, हा तिचा समजूतदारपणा. मला तो एक्स्पोर्टचे उरलेले तास वाढलेले दिसतात तेव्हा कळतो.

शेवटी खालचं झाकण उघडलं. पंखा वरून स्वच्छ होता, म्हणून दुकानदाराने “धूळ काहीच नाही” असं सांगितलं होतं. पंखा काढल्यावर जाळीच्या तोंडाशी राखाडी नमदा निघाला. चिमटीत धरून अख्खा उचलता आला. त्यात गादीचा कापूस होता, कुलरच्या ताटीचा भुसा होता आणि कुठल्याशा वरातीतली चमकी होती. हवा पलीकडे जात होती ती केवळ सवयीने. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची, नळीच्या पट्टीवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात त्याच क्रमाने स्क्रू आवळायचे. मेमरीच्या चिपांवर मात्र पेस्ट नाही, पॅड. तोही नेमक्या जाडीचा. अर्धा मिलिमीटर जाड झाला तर तांबं मुख्य चिपवर टेकतच नाही आणि दुरुस्तीनंतर यंत्र आधीपेक्षा जास्त तापतं.

हे करायचं नसेल त्याच्यासाठी त्यागाचे मार्ग आहेत. पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. हा एक टक्का सोडला की टर्बो वेग मिटतो आणि तापमान उतरतं. टर्बोचे पैसे मोजून झालेले असतात. गेममध्ये फ्रेम ६० वर बांधा. व्होल्टेज उतरवा. एका वेळी एकच काम करा. सगळ्या सल्ल्यांचा मथितार्थ एवढाच की ज्या कामासाठी लॅपटॉप घेतला ते सोडून बाकी सगळं करावं.

दोष आपलाच, ही मांडणी जुनी आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही ग्राफिक्स चिपा बिघडत असल्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. कारणांत चिपच्या जोडणीचं कच्चं साहित्य होतं, लॅपटॉपातली उष्णता बाहेर काढण्याची रचना होती आणि तिसऱ्या क्रमांकावर ग्राहकांच्या वापराच्या पद्धतीही होत्या. तापवणे आणि थंड करणे, हीच ती पद्धत. लॅपटॉप चालू करून बंद करणारे सगळेच त्यात आले. त्या काळात हताश लोक बंद पडलेला बोर्ड ओव्हनमध्ये भाजून काढत, आणि कधी कधी तो काही दिवस चालेही. उष्णतेने मेलेल्याला उष्णतेनेच उठवायचं, एवढी प्रगती आपण केली होती.

साफसफाईनंतर माझं यंत्र अंतरपाट पार करतं. तरी मे महिन्यापुरता खाली कूलिंग पॅड ठेवलाय. निळे दिवे, दोन पंखे, आणि वीज लॅपटॉपच्याच यूएसबीतून. लॅपटॉप २ सेंटिमीटर जाड, पॅड ३. म्हणजे कंपनीने आतली जेवढी जागा छाटली आणि जाहिरातीत मिरवली, तिच्याहून जास्त मी बाहेरून विकत आणून खाली लावली. पुढचा लॅपटॉप मी दुकानात सरळ जाडच मागणार आहे. जाडीचे वेगळे पैसे लागले तर देईन. ती जाहिरातीत कशी मिरवायची, ते त्यांचं त्यांनी बघावं.