नाडीचा नेमस्तपणा

ज्याच्या फिरायला निघण्यावर गल्लीने घड्याळं लावावीत, त्याची प्रकृती ठणठणीत, असं आपण धरून चालतो. हृदयाला हे मान्य नाही. श्वास आत घेतला की ते जरा लगबग करतं, सोडला की रेंगाळतं. मिनिटाला सत्तर ही झाली सरासरी. ठोक्याठोक्यातलं अंतर सतत कमीजास्त होत असतं. हार्वर्डचे एरी गोल्डबर्गर केऑस थिअरीचा, म्हणजे बेशिस्तीतल्या गणिताचा, चष्मा लावून हे आलेख पाहत बसले. त्यांचं म्हणणं असं की, ही चुळबुळ निरोगीपणाची आहे. वय झालं, हृदय थकलं की ती ओसरते. प्रसूतितज्ज्ञांना हे निराळ्या वाटेने ठाऊकच असतं. पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची रेघ मिनिटाला ५ ते २५ ठोक्यांच्या फरकाने थरथरत राहिली की ते निश्चिंत. सपाट झाली की कपाळाला आठी. (कधी बाळ नुसतं झोपलेलं असतं. जन्मल्यावर ते हे सुख फारसं देत नाही.)

उलट, हृदय खंगलेल्या काही रुग्णांचा श्वास चढतो, उतरतो, थांबतो, पुन्हा चढतो, अगदी वेळापत्रकाबरहुकूम. मायकेल मॅकी आणि लिऑन ग्लास यांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवलं, की शरीरातला निरोप उशिरा पोचला तरी अशी आवर्तनं सुरू होतात. म्हणजे शिस्त आली, ती आजार होऊन. शाळेत छड्या खाल्लेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. हृदयाची चुळबुळ खरोखर केऑस की नुसती गुंतागुंत, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तो त्यांनी सावकाश घालावा.

मला या थिअरीचा खरा उपयोग वाटतो तो आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या मंडळींसमोर. त्यांना कारण हवं असतं, आणि तेही एकच. हवामानतज्ज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये हवामानाचं गणित मांडताना संगणकाला ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ एवढंच सांगितलं, तर पुढचं सगळं हवामानच बदललं. अशा कारभारात क्षुल्लक गोष्टींनी उलथापालथ होते खरी. पण अशा असंख्य गोष्टींतली नेमकी कोणती, हे मागे जाऊन शोधता येत नाही. तापातून उठल्यावर हे मी आत्याला समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

“म्हणजे उसाचा रसच,” ती म्हणाली. “आणि तोही बर्फ घातलेला.”