आशीर्वादाची स्कॉर्पिओ

डिसेंबर लागला की चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर दोन प्रकारचे फलक दिसू लागतात. एकावर गडचिरोलीचं 'स्टील हब' केल्याबद्दल कुण्या नेत्याचं अभिनंदन. दुसऱ्यावर ख्रिस्ती चंगाई व आशीर्वाद महासभा. दोन्हींवरचे चेहरे कडक इस्त्रीचे, आणि मजकूर तरी कुठे वेगळा आहे? पैसा येऊन राहिला आहे, फक्त विश्वास ठेवा.

महासभेत साक्ष देणारा उभा राहतो. मागच्या वर्षी मोटारसायकल होती, यंदा प्रभूने स्कॉर्पिओ दिली. टाळ्या, हालेलुया. हप्ते बँकेचे, श्रेय प्रभूचं. व्यासपीठाच्या बाजूला कमाईच्या दशांशासाठी क्यूआर कोड टांगलेला असतो. बायबलातल्या विधवेच्या दोन टोल्या आता स्कॅन होतात. आहे त्यात समाधानी राहायला शिकलो, असं फिलिप्पैकरांना कळवणारा पौल तेव्हा कैदेत होता. आज तो या मंडपात आला असता तर त्याला माइक मिळाला नसता. साक्ष द्यायला त्याच्याकडे आहे काय? एक साखळी.

आता मंडपाबाहेरच्या शहाण्यांकडे वळू. यांचं मत कायमचं ठरलेलं: हे सगळे तांदळाच्या पोत्यापायी ख्रिस्ती झाले. चला, करू हिशेब. तांदूळ आता रेशनवर फुकट मिळतो, त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही, अंगठा लागतो. उलट अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याच्या सवलती जातात. शिखांना त्या १९५६ साली मिळाल्या, बौद्धांना १९९० साली. १६ ऑक्टोबर १९५६ ला ज्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथे हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे एकाच वस्तीतल्या दोन चुलतभावांपैकी जो विहारात जातो त्याच्या पोराची फी माफ, आणि जो चर्चमध्ये जातो त्याने दाखल्यावर धर्म लिहिला की ती माफी गेली. आदिवासींचं आरक्षण धर्म बदलून जात नाही, म्हणून ते काढून घ्या अशी मागणी अधूनमधून होतच असते. आमिष म्हणतात ते हेच असेल, तर असं तोट्यातलं आमिष दाखवणाऱ्याला कुठली कंपनी सेल्समन म्हणून ठेवेल?

या तोट्याचा मराठीतला थोर नमुना म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्याच वाटेवर, एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १८९५ साली बाप्तिस्मा. घर तुटलं, बायको दुरावली, काही वर्षांनी परत आली. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' थाटला. मिशनच्या पगारासाठी ख्रिस्ती झाले म्हणणाऱ्यांची पंचाईत! पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं समाधान जास्त अवघड वाटतं. आलेला पैसा नवऱ्याने वाटून टाकायचा आणि संध्याकाळी चूल हिने पेटवायची. संतोषी पुरुषाच्या घरी वाण्याचा हिशेब कोण ठेवतं, हे त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचून कळतं.

म्हणून समाधानाचा उपदेश ऐकला की मी आधी बघतो, कोण कोणाला करतो आहे. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचणाऱ्या, गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या बाईला 'आहे त्यात सुख मान' सांगणं सोपं आहे. तिच्या डोंगरातलं लोखंड ट्रकांतून नेणाऱ्यांना तेच सांगायला कुठला प्रवचनकार गेल्याचं ऐकिवात नाही. लोखंडवाल्यांना 'आहे ते पुरे' म्हणावं, तर शेअर बाजार पडायचा.

बरं, समाधानी माणसं या जिल्ह्यांत नाहीत असं नाही. १९६२ पासून केरळातले सिरो-मलबार पंथाचे फादर आणि सिस्टर चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या मिशनमध्ये येत आहेत. बिशप बसतात बल्लारपुरात, कोळशाच्या आणि कागद कारखान्याच्या गावात. नारळाचं गाव सोडून ४५ अंशांच्या उन्हात यायला कुणी यांना स्कॉर्पिओ दिली नव्हती. चर्चमधल्या कापणीच्या सणाचा लिलावही एकदा पाहा. भाविकाने वाहिलेला दोडका पाचशेला जातो, घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते. भाव चढतो आणि सगळे हसतात, असा दुसरा बाजार मी पाहिला नाही.

मात्र ही माणसं साधीभोळी आहेत अशा भ्रमात राहू नये. स्वतःसाठी काही नको असलेल्यांची दुसऱ्यांसाठीची हाव भयंकर असते. परवा एका सिस्टरने मला भाजीबाजारात गाठलं. पिशवीत वांगी, वांग्यांखाली पावतीपुस्तक. "दवाखान्याचं छप्पर गळते ना जी, भाऊ." केरळी जिभेवर इथल्या बोलीतला 'जी' असा बसला होता की नाही म्हणायची सोय उरली नाही. मी पाचशेची नोट काढली, तीनशे घ्या म्हटलं. तिने पाचशेची पावती फाडली, "आम्हाला तर काही नाही लागत" म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.