रिमार्कचा रकाना

पेणच्या बाजारपेठेत नाहीतर रोह्याच्या स्टेशन रस्त्याला एक तरी लॅबवाले भाऊ भेटतातच. डीएमएलटी होऊन पंचवीस वर्षं उलटलेली. सुई कधी गेली ते म्हातारीलाही कळत नाही असा हलका हात. तोच हात माऊसवर ठेवला की थरथरायला लागतो.

सीबीसी, शुगर, लघवी जागच्या जागी होते. व्हिटॅमिन डी, बायोप्सी वगैरे मुंबईच्या मोठ्या लॅबकडे रवाना. कुठली टेस्ट कुणाकडे, दर काय, टोपण जांभळं की निळं, बर्फात की बाहेर, रिपोर्ट मंगळवारी की शुक्रवारी, हा सगळा कारभार भाऊंच्या डोक्यात आणि टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठ्यांत. पुण्याला शिकणाऱ्या मुलाने हट्टाने सॉफ्टवेअर बसवलं आणि चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या. तो पुण्याच्या गाडीत बसल्यावर भाऊंनी त्या उचलून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. लाईट गेली म्हणजे?

सॉफ्टवेअरला जन्मतारीख लागते. हमरापूरच्या आजी म्हणतात, "लिही बाबा, सत्तर-पंचाहत्तर." भाऊ 1 जून टाकतात. शाळामास्तरांनी घालून दिलेली रीतच आहे ती. परिणामी निम्मा तालुका एकाच दिवशी जन्मलाय आणि 1 जूनला सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर लॅबकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात. आडनावाने शोधावं, तर पेणात 'पाटील' टाईप केल्यावर यादी चहा संपेपर्यंत सरकत राहते. तरी एक मान्य करायला हवं, नळीवर बारकोड आल्यापासून या सुनंदाताई पाटलांचं थायरॉइड त्या सुनंदाताईंना जात नाही. भाऊही हे मान्य करतात, फक्त मुलासमोर नाही.

खरी गंमत नमुना परत येतो तेव्हा. रोह्याहून निघालेली नळी भिसे खिंड, नागोठणे, वडखळ करत मुंबई-गोवा महामार्गाने जाते. पळस्पे ते इंदापूर 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, बाकी आपल्याला ठाऊकच आहे. रक्त फार हिंदकळलं की तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढतं आणि लॅब नमुना नाकारते. सॉफ्टवेअर विचारतं, कारण निवडा. 'नळी चुकीची', 'रक्त अपुरं', 'लेबल नाही' सगळं आहे, 'खड्डे' नाही. आता भाऊ रोह्यात नमुने घेणाऱ्या जोडीदाराला बजावतात, "रक्त गोठलं की आधी फिरव, सिरम वेगळं कर, मगच गाडीत घाल." यासाठीही रकाना नाही.

म्हणून भाऊंनी रिमार्कचा रकाना पकडला. मोठ्या लॅबच्या माहितीत मुलाने दर आणि वेळा भरल्या होत्या; खाली भाऊंनी भर घातली. 'रिपोर्ट लवकर, पण फोन उचलत नाहीत.' 'दर कमी, बर्फ आपला.' 'शनिवारी पाठवू नये, डबा सोमवारपर्यंत तसाच.' पेशंटच्या पानावर तर संसारच मांडलाय. 'काकू घाबरतात, आकडा सुनेला सांगणे.' 'मूर्तीचं काम चालू, गणपती उठल्यावर फोन करणे.' 'पैसे बाकी. मागू नयेत, पापड दिलेत.' मोठ्या पॅथॉलॉजिस्टने यावरून निदान करावं, इतका ऐवज आहे.

एके दिवशी सॉफ्टवेअर कंपनीच्या पोराचा फोन आला. "सर, रिमार्कला अडीचशे अक्षरांची मर्यादा आहे. तुमचे सगळे रेकॉर्ड तिथेच अडकतायत."

"मग त्याच्याखाली अजून एक रकाना दे."

"काय नाव देऊ, सर?"

"'मागील पानावरून पुढे' लिही."