सुवाच्य अक्षरातला प्रोग्रॅम

संगणक अभियांत्रिकी ही आपल्याकडे मुख्यत्वे हस्तकला आहे. प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम जर्नलमध्ये पेनाने उतरवायचा, आउटपुट समोरच्या कोऱ्या पानावर काढायचे आणि सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी रांग लावायची. प्रोग्रॅम चालतो का, हे कागद विचारत नाही. समास मात्र आखलेला लागतो. या हस्तकलेची हत्यारेही जुनीच. बोर्लंडचा टर्बो सी++ हा कंपायलर १९९० सालचा, सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८चे. तरी कित्येक प्रयोगशाळांत आजही टर्बोची ती निळी खिडकी नव्या विंडोजला डॉसचे सोंग घ्यायला लावून उघडली जाते. प्रोग्रॅमची ‘व्हॉइड मेन’ ही सुरुवात त्या प्रमाणात बसत नाही, पण मौखिक परीक्षेत बसते.

कागदावर लिहिल्याने विचार पक्का होतो, असे यावर सांगितले जाते. अल्गोरिदम हाताने सोडवण्यापुरते ते खरेही आहे. मित्राचे जर्नल पहाटेपर्यंत उतरवणे मात्र विचारात मोडत नाही. दुसरी सबब संख्येची: एवढ्या मुलांचा कोड वाचणार कोण? पण ही संख्या काही आभाळातून पडलेली नाही. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांवरची प्रवेशसंख्येची कमाल मर्यादाच उठवली. जागा वाढवताना न आठवलेला शिक्षक परीक्षेच्या वेळीच कमी कसा पडतो? शिवाय उपाय स्वस्त आहे. परीक्षकाने चालत्या प्रोग्रॅममधली एक ओळ बिघडवावी, विद्यार्थ्याला दहा मिनिटे द्यावीत आणि गुण दुरुस्तीला द्यावेत. जर्नलचे गुण विद्यापीठाने सुलेखन स्पर्धेकडे वर्ग करावेत.