तवंदी घाटातला मुहूर्त

निपाणीचे आमचे मामा प्रवासाला निघत नाहीत. बॉनेट उघडायला निघतात. वाटेत एखादं गाव लागतं, तो भाग वेगळा. मागच्या मे महिन्यात बेळगावात लग्न होतं. डिकीत आहेराचं पाकीट ठेवायलाही जागा नव्हती. स्टेपनी, पाण्याचे कॅन, फॅन बेल्ट, जुनी कॉइल, कंडेन्सर, पॉलिश पेपर आणि मामींच्या साडीची फडकी यांनी ती आधीच भरलेली.

गाडी प्रीमियर पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली तेव्हा मामींनी पेपर मुद्दाम मामांच्या चहापाशी ठेवला होता. मामा म्हणाले, “वीस वर्षांची अट टॅक्सीला. घरच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग, बस्स.” बरं, पार्टची काळजी निपाणीकराला नसतेच. एका अंगाला कोल्हापूरचं उद्यमनगर, दुसऱ्या अंगाला बेळगावचं उद्यमबाग. सीमाप्रश्नाचा निकाल कसाही लागो, मामांना बुश टर्न करून देणारा लेथ कुठल्या ना कुठल्या राज्यात चालूच असणार. या लग्नालाही एक झिजलेला बुश रुमालात बांधून आमच्याबरोबर निघाला होता.

तवंदीच्या चढाला गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. निपाणी अजून पाठीमागे दिसत होती.

“पॉइंट,” मामा म्हणाले. मामांच्या मते जगातले निम्मे आजार पॉइंटचे, उरलेले निम्मे प्लगचे.

मागून आलेला ट्रकवाला उतरला. त्यानं पेट्रोल पंपाला बोट लावून झटकन मागं घेतलं. “एअर लॉक झालंय, मामा. स्वल्प तडीरी, थोडं थांबा.” निदान बरोबर होतं. उन्हाळ्यात चढावर गाडी सेकंडला रेटली की इंजिन तापतं, त्याला चिकटलेला पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते. मग पंप नुसती वाफ दाबत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. यात गाडीचा दोष नाही, मे महिन्याचा आहे. त्यानं मामींच्या जुन्या नारायणपेठीचं फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली.

आता नुसतं थांबायचं होतं. पण बॉनेट उघडं असताना हात बांधून उभं राहणं मामांच्या रक्तात नाही. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. गॅप मोजायची पट्टी नेमकी घरी राहिली होती. “जाड कागद आण रे!” आहेराच्या पाकिटाबरोबर लग्नपत्रिका होती. मामांनी तिचा मुहूर्ताचा कोपरा फाडला, पॉइंटमध्ये सरकवला आणि एक डोळा मिटून स्क्रू आवळला.

अर्ध्या तासानं गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. ट्रकवाल्यानं फडक्याकडे बघितलं, मामांनी पॉइंटकडे. दोघांनीही एकमेकांचं अभिनंदन केलं नाही.

हत्तरगीच्या पुढं मामींनी विचारलं, “अहो, मुहूर्त किती वाजताचा हो?”

“पत्रिकेत बघ की.”

मामींनी पत्रिका उलटसुलट केली. वधू होती, वर होता, कार्यालयाचा पत्ता होता.

“खालचा कोपरा कुठाय?”

मामांनी उत्तर न देता गाडी थर्डला टाकली. समोर वंटमुरीचा घाट लागला होता.